लाल बटणाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको. विजेची मला भीती वाटते, कारण आमच्या खाडीकाठच्या गावात ती कधी कमी येते, कधी एकदम उसळते. खाऱ्या वाऱ्याला मी भितो, कारण तो स्क्रू खातो. मुंग्यांचंही भय आहे, एकदा त्यांनी माझ्या पोटात घर केलं होतं. पण या सगळ्या भीती मी गिळू शकतो. माझी खरी धास्ती माझ्याच अंगावर आहे. ती म्हणजे माझं लाल बटण.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या आठवणी फारशा नाहीत. खूप हात होते आणि प्रत्येक हाताने मला एकेक वस्तू दिली, एवढंच आठवतं. पुढे आखातातल्या एका दुकानाच्या काचेआड मी उभा होतो, तेव्हा हुसेन नावाचा एक तरुण आला. तो गोदीत क्रेन चालवायचा. त्याने माझी सगळी बटणं दाबून पाहिली, स्वतःशीच हसला आणि मला घेऊन गेला. सुट्टीत मी त्याच्या मांडीवर बसून विमानाने आणि मग एसटीने रत्नागिरीला आलो. वाटेत मला एवढं हादरायला झालं की घरी पोचल्यावर पहिला आवाज काढताना माझी वाचाच बसली होती. घरातल्या सगळ्यांना वाटलं, हुसेन बिघडलेलं खोकं घेऊन आला.

पण मी बोललो. आणि मग कितीतरी वर्षं बोलत राहिलो.

तेव्हा आमच्या गावात फोन नव्हता. पत्र लिहायला वेळ लागायचा आणि वाचून दाखवायला माणूस लागायचा. म्हणून आखातात गेलेली माणसं कॅसेट भरून पाठवायची. गावातलं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत चार घरांच्या कॅसेटी असायच्या. हुसेनची कॅसेट आली की घरातली सगळी माझ्याभोवती बसत. त्याचे आई-वडील, भाऊ, शेजारच्या बायका, आणि दाराच्या चौकटीला टेकून त्याची तरुण बायको खुर्शीद. कॅसेट संपली की त्याच कॅसेटीवर उत्तर भरायचं आणि परत जाणाऱ्याच्या हाती द्यायचं, अशी रीत होती.

त्याच कॅसेटीवर, मित्रांनो! इथेच माझं भय सुरू होतं. माझं लाल बटण दाबलं की माझ्यातला एक लहानसा भाग आधी जुना आवाज पुसतो आणि मग त्याच जागी नवा आवाज उमटतो. म्हणजे खुर्शीद बोलायला लागली की हुसेन पुसला जायचा. तिकडे हुसेन बोलायला लागला की खुर्शीद पुसली जायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. आवाज पुन्हा येणारच आहे, याची त्यांना खात्री होती. मी मात्र प्रत्येक वेळी लटलट कापायचो.

मग एका उन्हाळ्यात तार आली. हुसेन तिकडेच झोपेत गेला होता आणि त्याला तिकडेच दफन केलं होतं. तारेनंतर काही दिवसांनी गावातला एक माणूस सुट्टीवर आला. हुसेनने जाण्यापूर्वी भरलेली कॅसेट त्याच्या बॅगेत होती. ती त्याने खुर्शीदच्या हातात ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला.

ती कॅसेट कुणी लावली नाही. हुसेनच्या आईची छाती झाली नाही, खुर्शीदची तर नाहीच. ऐकली की उत्तर भरायचं, आणि उत्तर पाठवायचं कुणाला? कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली, डबा कपाटात गेला. माझ्यावर खुर्शीदने स्वतः विणलेला रुमाल टाकला. त्या रुमालाखाली मी म्हातारा झालो. बाहेर टीव्ही आला, फोन आला, मोबाइल आला. हुसेन-खुर्शीदचा छोटा मुलगा अरशद मोठा होऊन बापासारखाच आखातात गेला. तो आता रोज आईला मोबाइलवर आपलं तोंड दाखवतो. माझं काही काम उरलं नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं. काम नाही म्हणजे चूक नाही.

माझी झोप मोडली ती आयातने. आयात ही अरशदची मुलगी. रत्नागिरीच्या एका कॉलेजात ती पत्रकारितेचं शिक्षण घेते आणि दादीजवळ, म्हणजे खुर्शीदजवळ राहते. एक दिवस तिने रुमाल उचलला आणि म्हणाली, "दादी, मला ह्याच्यावर लिहायचंय. कॅसेटीवरच्या पत्रांवर."

"लिही," दादी भाजी निवडता निवडता म्हणाली. "पण त्या डब्याला हात लावू नको."

आयातने मला पिशवीत घालून जवळच्या पालीला नेलं. पालीच्या बाजारात हरिश्चंद्र नावाचे एक गृहस्थ पूर्वी रेडिओ दुरुस्त करत, आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांनी मला उघडलं आणि नाक मुरडलं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

"आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालाय बघा," ते म्हणाले. "नवा घालतो. पण जुनी कॅसेट लावणार असाल तर ऐका. एकदा चालंल. दुसऱ्या खेपेचं मी बोलत नाय. आतमध्ये गुंडाळली तर मला बोल लावायचा नाय."

मग त्यांनी आपली एक जुनी कॅसेट उलटी करून तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा इवलासा तुकडा दाखवला. "हा मोडलात की लाल बटण दबतच नाय. मग पुसायची भीती नाय. कॅसेट आणा, मोडून देतो."

"ती दादीची आहे," आयात म्हणाली. "तिला विचारल्याशिवाय नाही."

त्या वेळी मला तिचा राग आला होता. मोडून टाकायचा होता ना तो तुकडा! सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी ती मला वर्गात घेऊन गेली. जन्मात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. सगळी मुलं माझ्यावर तुटून पडली. आयातने माझ्यात एक जुनी कव्वालीची कॅसेट लावली होती. समर्थ नावाचा एक उत्साही मुलगा होता. "हे लाल कशाला?" असं म्हणत त्याने बटण दाबलं. आयात ओरडेपर्यंत उशीर झाला होता. तिने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. कव्वाली रंगात आली होती, आणि मध्येच समर्थचा आवाज आला, "हे लाल कशाला?" मग मुलांचं हसणं, मग पुन्हा कव्वाली. वर्ग खो खो हसला. आयात हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिला डब्यातली कॅसेट दिसत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यांना शिकवणाऱ्या ज्ञानेश्वरी मॅडम आल्या तशी मुलं जागेवर बसली. मॅडम साहित्यिक पत्रकारिता शिकवत. मी टेबलावर होतो, म्हणून मीही शिकलो. त्या म्हणाल्या, "तुमचा लेख कथेसारखा वाचता आला पाहिजे. त्यात माणसं हवीत, त्यांचं बोलणं हवं, घराचा वास हवा. पण कथा रचायची नाही. जे पाहिलंत, ऐकलंत, विचारून खात्री केलीत, तेवढंच लिहायचं. बातमी चुकली तर उद्या दुरुस्ती छापता येते. असा लेख चुकला, तर माणूसच चुकीचा होऊन बसतो."

मग आयातने आपला मसुदा वाचला. काय सुंदर लिहिलं होतं तिने! खाडीवरून येणारा वारा होता, माझ्याभोवती बसलेलं घर होतं. आणि शेवटी ती न लावलेली कॅसेट होती. लेखात मात्र ती लागत होती. हुसेन भरल्या गळ्याने म्हणत होता, "खुर्शीद, मी लवकर परत येतो. माझी वाट पाहा." पुढच्या बाकावरच्या संस्कृतीने डोळे पुसले.

"ही कॅसेट तू ऐकलीस?" मॅडमनी विचारलं.

आयातने मानेनेच नाही म्हटलं.

"मग हे कोण बोललं, आयात?"

"तसंच काहीतरी बोलले असतील, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हा लेख दादींना वाचून दाखव. मग मला सांग, छापायचा का."

मित्रांनो, परतीच्या एसटीत आयातने मला छातीशी धरलं होतं. तिचं काळीज धडधडत होतं आणि त्याने माझे स्क्रू थरथरत होते. आम्ही दोघं सारखेच घाबरलेलो होतो.

तिने वाचून दाखवलं. दादी आधी मान डोलवत होती. सासूचं वर्णन आलं तेव्हा खुदकन हसलीसुद्धा. मग शेवट आला. "खुर्शीद, मी लवकर परत येतो..."

"थांब," दादी म्हणाली. "कोण बोलला असं?"

"दादी, मी आपलं..."

"मना ते खुर्शीद कधी बोललेच नाय गो! सासू, सासरे, दीर, अर्धा गाव बसलेला असायचा. तिथं बायकोचं नाव घेतील? आणि रडत बोलाचे? ते रडणारे माणूस नव्हते." तिचा आवाज चढला होता. मग खाली आला. "सगळ्यांना सलाम झाला, सगळ्यांची चौकशी झाली, की बोलाचे, बाकी सर्व ठीक. मग माईकवर बोटानं दोनदा वाजवायचे. ठक, ठक. आणि टेप तशीच चालू ठेवायचे. काय बोलाचे नाय. बाकीच्यांना वाटायचं, कॅसेट संपली. सगळी उठून जायची. मी बसून राहायची. ती गप्प जागा माझी."

आयातच्या हातातले कागद खाली आले. मलाही ऐकून धक्का बसला. ती ठकठक आणि ती शांतता मी कितीदा वाजवली होती! मला वाटायचं, टेप वाया जाते आहे.

आयातने शेवट खोडला. पुढचे काही दिवस दादी नमाज पढायची, स्वयंपाक करायची आणि कामात असताना मध्येच थांबायची. एका दुपारी तिने आयातला हाक मारली. तिचे डोळे भ्यालेले होते. एवढ्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं.

"आयात, त्यांचा आवाज आठवायला बसले की मना तुझ्या कागदातलाच आवाज येतो. खुर्शीद, खुर्शीद करतो. खरा येतच नाय. पुसलास गो तू."

आयात रडायलाच लागली. "मी खोडलंय ते, दादी. खोडलंय."

"कागदावरचा खोडलास. हितला कसा खोडशील?" दादीने कपाळाला बोट लावलं. मग उठली, कपाट उघडलं आणि डबा काढला. "लाव ही."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात वीज नव्हती, तरी मी कापलो. नवा पट्टा, जुनी टेप. एकदा चालेल, दुसऱ्या खेपेचं कुणी बोलत नाही. हुसेनचा जगात उरलेला आवाज तेवढाच होता, आणि तो माझ्या तोंडात घालत होते.

आयातने मोबाइल पुढे केला. "दादी, निदान यात उतरवून घेते. टेप तुटली तर?"

"नको. मोबाइलातून आवाज गावभर फिरतात. घरचा आवाज घरात राहू दे."

आयातने मोबाइल बाहेर नेऊन ठेवला. पंखा बंद केला. पेन्सिलीने कॅसेटची चाकं हलकेच फिरवून सैल टेप ताणून घेतली आणि मला दिली. दादी माझ्यासमोर बसली. एवढी वर्षं ती चौकटीला टेकून ऐकायची. आज पहिल्यांदा ती माझ्या अगदी पुढ्यात होती.

बटण खाली गेलं. आधी नुसती खरखर. मग कानाला बोचणारी किरकिर. आणि मग, "अस्सलामु अलैकुम."

दादीने तोंडाला पदर लावला.

हुसेन बोलत होता. आईला सलाम, अब्बांना सलाम. इकडे खैरियत आहे, उकाडा फार आहे. पावसाआधी कौलं परतून घ्या, दक्षिणेकडची गळतात. आंब्याच्या कलमाला यंदा मोहर किती धरला? अरशदला खाडीवर एकटा सोडू नका, तो ऐकत नाही. आणि इथे, मित्रांनो, त्याचा आवाज लांबायला लागला. टेप माझ्या रबरी चाकाला चिकटत होती. "ऐऽऽकत नाऽऽही..." एका कडेने ती आत ओढली जात होती. मला ते कळत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. आयातचा हात बंद करायला धावला.

"हात लावू नको!" दादी म्हणाली. "थांबवलीस तर तिथंच अडकंल."

मी माझ्या सगळ्या म्हाताऱ्या चाकांनिशी ओढलं. एक कचकन आवाज झाला. मला वाटलं, संपलं. पण टेप सुटली होती. हुसेन पुन्हा आपल्या आवाजात आला, काहीच झालं नसल्यासारखा. "बाकी सर्व ठीक," तो म्हणाला.

ठक. ठक.

मग शांतता. तिकडच्या पंख्याचा आवाज. त्याचा श्वास. लांबून एका गाडीचा भोंगा. आयातही हलली नाही. दादी डोळे मिटून बसली होती आणि ती जागा तिच्यासाठी चालत होती.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, मला थांबवलं आणि तिचं बोट माझ्या लाल बटणावर आलं. त्या बोटाला सवय होती. ऐकली की उत्तर भरायचं.

"दादी, नको! पुसलं जाईल!" आयात किंचाळली.

मीही किंचाळलो असतो. आयुष्यभर ज्याला भ्यालो ते समोर आलं होतं. मी ठकठकीच्या पुढे आहे की मागे, हेसुद्धा भीतीने मला आठवेना.

"ओरडू नको," दादी म्हणाली. "ठकठकीच्या पुढं ते बोललेले नायत. ही जागा त्यांनी माझ्यासाठीच सोडलीन हाय. मी हिच्यात एकदाही बोलले नाय."

आणि तिने लाल बटण दाबलं.

"वालेकुम सलाम," ती म्हणाली. "आई गेल्या. अब्बा गेले. कौलं आता नायत, पत्रे घातले, गळत नाय. कलम वादळात पडला. अरशद खाडीत बुडला नाय, मोठा झाला, तुमच्यासारखाच तिकडं गेला. त्याची पोर माझ्याजवळ हाय. लोकांचं ऐकून लिहाचं शिकते. तुमच्या तोंडी भलतंच घातलंन होतं, मी ओरडले तिला." ती थांबली. "तुमचा आवाज मी विसरत चाललेली. आता आला. बाकी सर्व ठीक."

मग तिने माझ्या अंगावर बोटाने दोनदा वाजवलं आणि मला तसंच चालू ठेवलं. त्या शांततेत एक आवाज उमटला आहे. तो आयातच्या हुंदक्याचा आहे.

पुष्कळ वेळाने आयातने विचारलं, "दादी, हे लिहू?"

"लिही. जेवढं ऐकलंस तेवढं. ठकठकीच्या पुढचं वाढवू नको."

आयातने कॅसेट बाहेर काढली, उलटी केली आणि पाठीवरचा तो इवलासा तुकडा दाखवला. हरिश्चंद्रांनी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. दादीने ते नीट ऐकून घेतलं. मग केसातली पिन काढली आणि स्वतःच्या हाताने तो तुकडा मोडला.

आयातचा लेख छापून आला. मॅडमनी त्यातला एकही शब्द बदलला नाही, असं आयातने दादीला सांगितलं. संस्कृती यावेळी रडली की नाही ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हतो. आणि जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही, एवढं मी टेबलावर बसून शिकलो आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज कुठेतरी ठेवलेला असेल. तो ऐका. घाबरलात तरी ऐका, पण उशीर करू नका. आणि गेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नका, ते कितीही सुंदर असोत. माझ्यासारखं लाल बटण तुमच्या प्रत्येकाजवळ आहे. मला ते दाबलेलं निदान ऐकू येतं, तुम्हाला येत नाही.

मी अजून भितो. विजेला भितो, मुंग्यांना भितो, समर्थ घरी येणार म्हटलं तरी भितो. पण शुक्रवारी दुपारी दादी कधीतरी डबा उघडते. दुसऱ्या खेपेचं कुणी बोललं नव्हतं, तरी टेप अजून चालते आहे. ठकठक होते, त्याचा श्वास येतो, मग तिचं उत्तर येतं. संपलं की सवयीने तिचं बोट लाल बटणावर जातं. ती दाबते. बटण खाली जात नाही.

ती हसते आणि माझ्यावर रुमाल टाकते.